बिनवाफेचा सौना

ते लाकडी खोकं घरात आलं तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. कपाटाएवढं, पुढे काचेचं दार, आत एक बाक आणि भिंतीत काळ्या पट्ट्या. भट्टी नाही, तापलेले दगड नाहीत, त्यांवर पाणी टाकून उठणारी वाफ नाही. आणि याला सौना म्हणायचं! इन्फ्रारेड किरणं म्हणे थेट अंगात शिरतात, सांधे मोकळे होतात, झोप लागते. असं मेर्वी म्हणते. मेर्वी माझी मुलगी, हेलसिंकीला असते, आणि तिला सगळं माहीत असतं.

खोकं आलं माझ्या नवऱ्यासाठी, ताउनोसाठी. त्याचं हृदय कमजोर झालंय, त्यामुळे तळ्याकाठच्या आमच्या जुन्या सौन्याला डॉक्टरांनी बंदी घातली. त्यात त्याचं विसरणंही वाढलंय. मला ओळखतो, मेर्वीला नाही. ती आली की उठून हात पुढे करतो आणि म्हणतो, "मी ताउनो." तीही हात मिळवते, मग स्वयंपाकघरात जाऊन धुतलेली भांडी पुन्हा धुते. बाबाने एकदा ओळखावं, एवढंच तिला हवंय. पूर्वी दर शनिवारी दोघं सौन्यात बसायचे, बाहेर येईपर्यंत माझी कॉफी गार व्हायची. ते परत येईल म्हणून हा सगळा खटाटोप, न कळायला मी काही खुळी नाही.

परवा शनिवारी खोक्याचं उद्घाटन झालं. ताउनो पाण्याची बादली आणि लाकडी पळी घेऊनच आला. आधी पाणी ओतून टाक म्हटलं, तर बादली पोटाशी धरून उभा राहिला.

"असू दे गं आई," मेर्वी म्हणाली. "नुसती धरून बसेल."

दोघं टॉवेल गुंडाळून आत बसले. मी दाराबाहेर स्टूल टाकलं.

"कधी पेटवणार?" ताउनोने विचारलं.

"चालू आहे, बाबा."

"मग गरम का नाही?"

"हे आतून गरम करतं."

"कुणाच्या आतून?"

मेर्वी समजावत बसली. तो मान डोलवत होता, पण नजर सगळीकडे दगड शोधत होती. खरं सांगायचं तर मलाही काही कळेना. घाम कधी यायचा, उठायचं कधी, जुन्या सौन्यातल्यासारखं डहाळ्यांनी अंग झोडायचं की नाही? ना धड सौना, ना धड कपाट.

मग ताउनो सावरून बसला. त्याने पळी भरली आणि शेजारी बसलेल्या मेर्वीकडे वळून अदबीने विचारलं, "वाफ सोडू का?"

आमच्यात विचारल्याशिवाय कुणी पाणी टाकत नाही. आणि विचारलं की उत्तर ठरलेलं.

"सोड, बाबा," मेर्वी म्हणाली.

तिच्या तोंडून ते आपसूकच गेलं. आणि त्याने सोडली की! थेट काळ्या पट्टीवर. फाट्कन आवाज झाला आणि घरभर अंधार. नोव्हेंबरची दुपार, आमच्या उत्तरेकडे तेव्हा बाहेरही काळोखच.

"मेलात का रे?" मी ओरडले.

"नाही!" दोघं एकदम म्हणाले.

मी चाचपडत दार उघडलं. फ्यूज उडाला होता. तापलेली पट्टी चुरचुरत होती आणि थोडीशी, अगदी थोडीशी वाफ माझ्या तोंडावर आली. मेर्वी हसत होती. हसता हसता म्हणाली, "सोड कोण म्हणालं? मीच!" आणि पुन्हा हसत सुटली.

"दार लाव, वाफ जातेय," ताउनो मला म्हणाला. मग शेजारी वळला. "तू शहाणी आहेस. हल्लीच्या पोरी लगेच नको म्हणतात. माझी मेर्वी कधीच नाही म्हणत. एवढीशी होती तेव्हापासून वरच्या बाकावर बसते. ओळखतेस तिला?"

हसणं थांबलं.

"ओळखते," मेर्वी म्हणाली.

"शनिवारी येते ती. भेटली तर सांग, बाबा वाट बघतोय."

"सांगते."

हसावं की रडावं मला कळेना. मी तशीच दाराला धरून उभी राहिले. आत पळी बादलीत बुडाल्याचा आवाज आला.

"वाफ सोडू का?"

वीज तर गेलेलीच होती.

"सोड, बाबा," ती म्हणाली.