ठकूला विचारून

पार्लरवालीने ठकूच्या गळ्याभोवती कापड गुंडाळलं, मागून चिमटा लावला आणि कात्री हातात घेऊन ती नुसती उभी राहिली, कारण आमच्या घरात कुठलीच गोष्ट पहिल्या फटक्यात होत नाही. आधी पंखा बंद करायचा. मग फ्रिज बंद करायचा, त्याची घरघर व्हिडिओत येते म्हणून. मग माझा धाकटा भाऊ कॅमेऱ्यामागून हात वर करतो, सगळ्यांनी श्वास धरायचा, आणि रोज जे आपोआप घडतं ते मुद्दाम घडवायचं. शूटिंग संपल्यावर फ्रिज परत चालू करायचं कुणाच्या लक्षात राहत नाही. किती दूध नासलं असेल देव जाणे. मी बोलले की तो आणि भावजय म्हणतात, ताई फार करवादते. करवादते तर करवादते. दूध मलाच ओतून द्यावं लागतं.

ठकू माझी भाची, धाकट्याची मुलगी. वय अकरा. जन्मताना श्वास अडकला आणि मेंदूला मार बसला तो बसलाच. हातपाय ताठ, मान तोलत नाही, बोलता येत नाही. पट्टे लावलेल्या खुर्चीत बसते, घास कुस्करून भरवावा लागतो. पण डोकं म्हणाल तर तल्लख. घरात कुणाचं कुणाशी बिनसलंय हे त्या दोघांच्या आधी तिला कळतं. तिच्या शाळेतल्या बाईंनी तिला एक युक्ती शिकवली. 'हो' म्हणायचं असेल तर वर छताकडे बघायचं, 'नाही' म्हणायचं असेल तर डोळे घट्ट मिटायचे. या दोन शब्दांवर तिचा सगळा कारभार चालतो, आणि आमच्यातल्या कित्येकांपेक्षा बरा चालतो.

धाकटा आणि भावजय व्हिडिओ करतात, मी ठकूचं करते. उठवणं, अंघोळ, भरवणं, व्यायाम, रात्री कूस बदलणं. डोळ्यांत तेल घालून बसायचं काम आहे. घास जरा घाईने दिला की ठसका, पट्टा जरा सैल राहिला की पोरगी खाली घसरते. मी लग्न केलं नाही, त्याचं खापर फोडायला लोकांना ठकू आयती मिळाली. पण तसं काही नाही. मला कुणी पटलाच नाही.

व्हिडिओ सगळे ठकूचेच. ठकूची सकाळ, ठकू आणि डॉक्टर, ठकूने आज काय खाल्लं. लाखांनी लोक बघतात. भाजीवाला मला आत्या म्हणतो, औषधांच्या दुकानातला म्हातारा आत्या म्हणतो, आणि माझ्या हातचा घास तिने परवा का थुंकला हे रस्त्यात थांबवून विचारतात. पण उगाच नावं ठेवणार नाही. ही चांगली खुर्ची बघणाऱ्यांपैकीच एका बाईंनी पाठवली. आणि भावजय पूर्वी कुणाकडे जायची नाही, कुणी आलं तर आतल्या खोलीत जाऊन रडायची, ती व्हिडिओ सुरू झाल्यापासून माणसांत आली. ते मी डोळ्यांनी बघितलंय.

केस कापायची कल्पनाही माझीच होती. कमरेपर्यंत केस, आणि डोकं दिवसभर खुर्चीच्या उशीला घासणार. मागे असा गुंता होतो की कंगवा अर्ध्यावर रुतून बसतो. धुवायचे तर एकाने मान धरायची, एकाने पाणी घालायचं. माझे खांदे पार गेले. म्हटलं, मानेपर्यंत उडवून टाका, पोरगी सुटेल आणि मीही सुटेन. एवढं बोलायचा अवकाश, भावजयीच्या डोळ्यांपुढे व्हिडिओ उभा राहिला. नावसुद्धा ठरलं, ठकूचं नवं रूप.

तर धाकट्याने हात वर केला, गोल दिवा लावला. हा दिवा म्हणजे कॅमेऱ्याभोवती लावलेलं एक कडं. तोंडावर असा पांढरा उजेड पाडतं की कुणीही दोन वर्षांनी लहान दिसावं. भावजय ठकूशेजारी वाकली, गोड आवाज काढला आणि विचारलं, केस कापायचे ना आज, एकदम नवीन ठकू व्हायचं ना.

ठकूने डोळे मिटले.

"लाइट लागतोय तिला," धाकटा म्हणाला. "परत घेऊ."

आता हे नीट सांगायला हवं, कारण सगळं घोडं इथेच पेंड खात होतं. हा दिवा आणला तेव्हा पहिल्या पहिल्यांदा ठकूचे डोळे खरंच दिपायचे. त्यामुळे घरात एक समजूत होऊन बसली की दिव्यापुढे तिने डोळे मिटले तर ते उजेडामुळे. ते उत्तर धरायचं नाही. दिवा जरा सरकवायचा, परत विचारायचं, तरी मिटले तर परत. कधीतरी ती वर बघायची. वर बघितलं की झालं, तेवढा तुकडा ठेवायचा, बाकीचे काढून टाकायचे. व्हिडिओत बघाल तर आमची ठकू कशालाच नाही म्हणत नाही. लोक लिहायचे, किती समजूतदार पोर. आम्हालाही ते ऐकायला गोड लागायचं. मला धरून सांगतेय मी हे.

दिवा डावीकडे सरकला. भावजयीने परत विचारलं. डोळे मिटलेले. दिवा वर गेला. परत विचारलं. मिटलेले. पार्लरवाली सभ्य बाई, पण तिने एकदा घड्याळाकडे बघितलं. दुकानात कुणाला तरी बसवून ठेवलेलं असणार. धाकटा म्हणाला, ताई, खिडकीचा पडदा ओढ, मागून उजेड येतोय. मी उठले. माझे पाय सुजलेले, त्यात जमिनीवर वायरींचं जाळं. पायात एक वायर अडकली, मी कशीबशी टेबलाला धरलं, आणि तो गोल दिवा विझून तोंडावर आपटला.

धाकटा नको ते बोलला. मोठी बहीण समोर आहे हे विसरून बोलला. मी पण चार शब्द ऐकवले, की घर आहे का तारघर. त्या गडबडीत सगळ्यांचं लक्ष दिव्याकडे, फुटला की वाचला. फक्त भावजय वाकली होती तशीच वाकलेली राहिली.

खोलीत आता नुसता दुपारचा उजेड होता, रोजचा, डोळ्यांना न लागणारा. आणि ठकूचे डोळे अजून मिटलेले होते. साधे मिटलेले नाहीत. कपाळाला आठ्या, गाल वर ओढलेले, ओठ आवळलेले. अंगातलं सगळं बळ तिने पापण्यांवर लावलं होतं.

भावजयीचा गोड आवाज गेला. तिने अगदी हळू विचारलं, "ठकू, केस नाही कापायचे?"

ठकूने डोळे उघडले आणि वर बघितलं. असं वर बघितलं की बुबुळं दिसेनात. खाली आणायलाच तयार नाही, आम्हाला परत चुकायला वाव नको म्हणून. घशातून एक आवाज काढला तिने, हसू आणि रडू दोन्ही असलेला. भावजय मटकन खाली बसली आणि तिच्या गुडघ्यांवर डोकं ठेवून रडायला लागली. पार्लरवालीने काही न विचारता कात्री पिशवीत टाकली, चिमटा काढला, कापड झटकून घडी केलं आणि ठकूचे केस खुर्चीच्या मागून काढून पुढे तिच्या मांडीवर नीट आणून ठेवले. मी तिला दारापर्यंत सोडलं. मला लाज वाटत होती, आणि माझे खांदे आता वाचणार नाहीत हेही त्याच क्षणी मनात येऊन गेलं. माणसाचं मन फार हलकट असतं.

परत आले तर धाकटा कॅमेऱ्यापाशी तसाच उभा. चेहरा पांढरा पडलेला. म्हणाला, हे सगळं आलंय यात. दिवा पडला तरी कॅमेरा चालूच होता.

काय आलंय ते तिघांनाही कळत होतं. आजवर केलेले सगळे व्हिडिओ एकीकडे आणि हा एक एकीकडे. आई रडतेय, पोरगी वर बघतेय, आणि यातलं काहीही ठरवून केलेलं नाही. धाकटा वाईट नाही हो. पोरीवर जीव आहे त्याचा. पण सुताराला लाकूड दिसतं तसा त्याला व्हिडिओ दिसतो. तो म्हणाला, लोकांना यातून शिकायला मिळेल, अशी किती मुलं असतील. तेही खोटं नव्हतं. म्हणून तर भीती वाटली मला. वाईट कारण असतं तर मी सरळ भांडले असते.

भावजयीने डोकं वर न करता सांगितलं, तिला विचार.

तो ठकूसमोर उकिडवा बसला. कॅमेरा मागे ठेवलेला, दिवा जमिनीवर पडलेला. पोरीच्या तोंडाशी तोंड नेऊन त्याने विचारलं, "ठकू, हे लोकांना दाखवू?"

ठकूने बापाकडे जरा वेळ बघितलं. मग डोळे मिटले.

ओठ हलले त्याचे. सवय हो, इतक्या वर्षांची. म्हणाला, थांब, मी नीट विचारतो, तिला कळलं नसेल.

"एकदा विचारलंस," मी म्हटलं. "तिने एकदा सांगितलं."

माझा आवाज चढला नव्हता. चढवायची भीती वाटत होती. हा आता परत विचारणार आणि पोरगी दमून वर बघणार, तर मग आज काही घडलंच नाही. कात्री परत पिशवीतून निघेल, आज नाही तर पुढच्या आठवड्यात. धाकटा माझ्याकडे बघत राहिला, लहानपणी चोरून काही खाल्लं की बघायचा तसा. मग उठला, कॅमेरा हातात घेतला आणि ते सगळं काढून टाकलं. ठकूला पडदा दाखवला, बघ, गेलं. माझा जीव भांड्यात पडला. ठकूने तर असा काही श्वास सोडला की छातीवरचा पट्टा सैल झाला.

त्यानंतर संध्याकाळभर आम्ही तिला विचारत सुटलो. वेड लागल्यासारखं. सगळे व्हिडिओ बंद करायचे? डोळे मिटले. आम्ही तिघं एकमेकांकडे बघायला लागलो. मग काय हवंय? धाकट्याने एकेक विचारलं. बाबा धडपडतात ते व्हिडिओ? वर. शाळेतली गाणी? वर. व्यायामाचे? मिटले. आत्या भरवते ते? मिटले, आणि जोरात. भावजय म्हणाली, अगं, तेच तर सगळ्यात जास्त चालतात, आणि बोलून झाल्यावर स्वतःच तोंडावर हात ठेवला. दिवा हवा? मिटले. तो दिवा धाकट्याने माळ्यावर टाकला. वाचला होता, फुटला नव्हता, उगाच बोलला मला. फ्रिज मात्र बंदच राहिला होता आणि दूध त्या दिवशीही नासलं.

जेवण भरवून झालं, तोंड पुसलं, तरी ठकूचं काहीतरी चाललेलंच. ती दाराकडे बघत होती. पाणी हवंय? मिटले. टीव्ही? मिटले. बाहेर जायचंय? मिटले. कुणी येणार आहे असं वाटतंय? मिटले, जरा वैतागून. अकरा वर्षं मी तिची नजर वाचतेय, पण त्या संध्याकाळी मला काही सुचेना. भावजयीने सहज विचारलं, "आम्ही बाहेर जाऊ?"

वर बघितलं पोरीने, झटकन.

दोघांना हसू फुटलं. घ्या, घरातून हाकललं, म्हणत ती दोघं बाहेर गेली. मी तिथेच बसले, हातात ओला टॉवेल घेऊन. मी कशाला जातेय? ती दोघं नसली तरी मी असायचंच, हा घरातला नियमच. पण ठकू अजून दाराकडेच बघत होती. मग माझ्याकडे, मग परत दाराकडे.

"मी पण?" मी विचारलं.

तिने हळूच वर बघितलं. माझं मन राखून बघितल्यासारखं, पण वरच.

मी उठले. खुर्चीचे ब्रेक बघितले, छातीवरचा पट्टा बघितला, मान नीट टेकलीय ना ते बघितलं. परत एकदा ब्रेक बघितले. तिने डोळे मिटले, म्हणजे पुरे. दार मी लोटून घेतलं. पुरतं नाही, हात जाईल एवढी फट ठेवली. विचारलं, चालेल ना, तर जरा विचार करून तिने वर बघितलं. बाहेर स्टूल ओढून बसले, कान दाराला लावून.

पहिल्यांदा लागलं मनाला, खोटं कशाला बोलू. हिच्या पाठीवर तीळ कुठे आहे ते मला ठाऊक, हिला ठसका येणार हे मला घास तोंडात जायच्या आधी कळतं, आणि मी बाहेर. मग आतून तिचा आवाज आला. लांबवलेला एकच सूर, मध्ये थांबून परत. ती कुणाला बोलावत नव्हती, काही मागत नव्हती. धाकटा चहाचा कप घेऊन आला आणि त्याने कुजबुजत विचारलं, काय करतेय आत?

मला माहीत नव्हतं. मी तसं सांगितलं. तोही भिंतीला टेकून शेजारी खाली बसला, आणि दोघांपैकी कुणीही फटीतून डोकावलं नाही. पोरगी आत काय करतेय हे तिच्या जन्मापासून पहिल्यांदा मला ठाऊक नव्हतं, आणि मला बरं वाटत होतं.