हसू आलं की बंदूक उघडायची

मार्नी हॅल्व्हरसनला हसू आवरत नाही, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. स्वतःच्या लग्नात शपथ घेताना ती हसली होती. नवऱ्याच्या आत्याच्या दफनविधीत पाद्रीबाबांचा पाय चिखलात रुतला आणि बूट तिथेच राहून नुसता मोजा वर आला, तेव्हा तर ती इतकी गदगदली की रडतेय असं समजून दोघीतिघींनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. त्यामुळे ऑक्टोबरातल्या त्या शनिवारी पिकअपमध्ये बसल्या बसल्या पंधरा वर्षांच्या ब्रिटने अट घातली, तेव्हा आईला राग वगैरे काही आला नाही.

"आई, एकच सांगते. हसायचं नाही."

"अजिबात?"

"मैदानावर. बाहेर काय हसायचं ते हस."

"आणि खोकला आला तर?"

"आई!"

मैदान म्हणजे गावाबाहेरचं, चकत्या फोडायचं. पुढे जमिनीत अर्धं पुरलेलं खोपटं, आत यंत्र. आपण "सोड!" म्हणायचं, की यंत्र मातीची नारिंगी, बशीएवढी चकती भिरकावणार. डावीकडे की उजवीकडे, ते त्याचं त्यालाच माहीत. ती खाली पडायच्या आत छर्र्यांनी उडवायची. अशा पंचवीस झाल्या की एक फेरी. पूर्वी मागे बसून कुणीतरी बटण दाबायचं. यंदा क्लबने प्रत्येकाच्या पुढ्यात जमिनीवर मायक्रोफोन ठेवला होता, आणि तो मेला भलताच तिखट कानाचा आणि तितकाच लहरी निघाला. "सोड" काय, शिंक काय, कुत्र्याचं भुंकणं काय, कशावरही चकती उडायची, आणि कधी नेमकी हाकच त्याला ऐकू यायची नाही.

आणि ब्रिटला पंचवीसपैकी पंचवीस हव्या होत्या. ज्याने एका फेरीत सगळ्या फोडल्या त्याला क्लब जाकिटावर शिवायचा बिल्ला देई. शाळेच्या संघातल्या पाच मुलींपैकी चौघींच्या जाकिटावर तो होता. पाचवी चोविसावर अडकली होती. एकदादोनदा नव्हे, नऊ वेळा. दर वेळी शेवटचीच निसटायची. आज संध्याकाळी मैदानाला कुलूप लागणार, ते बर्फ वितळल्यावर एप्रिलातच उघडणार. एरवी तिला बाप घेऊन यायचा, पण तो मक्याच्या काढणीत मानेपर्यंत बुडालेला. म्हणून आई. आईची नेमबाजी म्हणजे पंचवीसपैकी अकरा फुटल्या तर घरी केक करण्याइतपत.

मैदानावर त्यांच्याखेरीज दोनच माणसं होती. उंच खुर्चीवर मांडीवर घोंगडी घेऊन सूर्यफुलाच्या बिया सोलत बसलेली आल्मा. ती गुण मांडायची, आणि चकती हुकली की "गेली!" असं ओरडायची, जणू शेजारीण वारल्याची बातमी देतेय. दुसरा ऑर्व्हिल. वय एकोणऐंशी, दातांची कवळी चार दिवसांची.

पहिला नेम ऑर्व्हिलचा. त्याने बंदूक खांद्याला लावली.

"शोड."

यंत्र ढिम्म.

"शोड!"

काही नाही.

"अगं शोड ना, बाई!"

'बाई'वर चकती उडाली. ऑर्व्हिल दचकला, पण दचकता दचकता त्याने ती फोडली. मग मागे वळून, मोठा शोध लागल्याच्या थाटात म्हणाला, "हिला नुशतं बाई म्हटलेलं आवडतंय."

त्यानंतर तो दर वेळी खच्चून "बाई!" एवढंच ओरडू लागला. अर्ध्या मिनेसोटाला ऐकू गेलं असेल.

मार्नीने खट्कन बंदूक बिजागरीतून दुमडून उघडली आणि काडतूस काढून घेतलं. हा घरचा नियम होता, नवऱ्याने खास तिच्यासाठी केलेला: हसू आलं की बंदूक उघडायची. उघडी बंदूक हातावर टाकून ती वाकली, तिच्या नाकातून "फुस्स" असा आवाज आला आणि तिच्या पुढ्यातून एक चकती दिमाखात उडून शेतात जाऊन पडली.

"ही कुणाची?" आल्माने विचारलं.

"कुणाची नाही," ब्रिट दात आवळून म्हणाली. "आईची."

त्या फेरीत मार्नीच्या हसण्यावर सहा चकत्या उडाल्या, आणि ब्रिटच्या फुटल्या एकवीस. दुसऱ्या फेरीत मार्नीने हातमोज्याचं बोट दाताखाली धरलं. "बाई!" आला की ती डोळे मिटून जमिनीचा हप्ता, गटारीचं झाकण, दाताच्या डॉक्टरची खुर्ची असल्या गोष्टी आठवायची. चकत्या फुटत गेल्या. वीस, बावीस, चोवीस. शेवटच्या चकतीआधी ब्रिट थांबली. श्वास घेतला. परत घेतला. खांदे कानांपर्यंत चढले. "सोड," ती म्हणाली, आणि चकती तिच्या छर्र्यांना न शिवता आरामात पलीकडे उतरली.

"गेली!" आल्मा ओरडली, आणि मग अगदी हळू, "अगं बाई गं."

त्या हळू 'बाई'वरही एक उडाली.

दुपारी पिकअपच्या मागच्या फळीवर बसून दोघींनी हॅमचे पाव आणि लोणच्याच्या काकड्या खाल्ल्या. ब्रिट पावाची कड तोडून तोडून टाकत होती.

"शेवटच्या वेळी ती मला आधीच दिसते," ती म्हणाली. "न फुटता जाणारी. मग मी थांबते. ती दिसायची बंद होईल म्हणून. तर आणखी नीट दिसते."

मार्नीने आपली काकडी तिच्या पावात ठेवली. "मी गाडीत बसते हवं तर," ती म्हणाली. "काचा लावून. खरंच."

ब्रिटने यावर, मार्नीच्या मते, जरा जास्तच वेळ विचार केला.

"नको. तू नसलीस की ऑर्व्हिल मला आपल्या गुडघ्याचं ऑपरेशन सांगतात."

तिसरी फेरी, शेवटची. ऊन कलतं झालं होतं, कापलेल्या मक्याचा भुसा हवेत तरंगत होता. ऑर्व्हिल पहिला, मग मार्नी, मग ब्रिट, अशी पाळी. पाच पाच चकत्या झाल्या की जागा बदलायची. ब्रिटच्या पाच फुटल्या. दहा. "बाई!" पंधरा. मार्नीच्याही मधेच लागोपाठ तीन फुटल्या, पण तिने कुणाला कळू दिलं नाही. आनंद झाला तरी तिला हसू यायचं. वीस. हातमोज्याच्या बोटाला भोक पडलं. शेवटच्या जागांवर ऑर्व्हिल पार उजव्या टोकाला गेला, आणि डाव्या टोकाला मार्नी, तिच्या शेजारी ब्रिट. चोवीस.

ऑर्व्हिलने आपली शेवटची फोडली. मार्नीने आपली हुकवली आणि रिकामी बंदूक उघडून हातावर टाकली. आता उरली एक चकती, आणि सगळं मैदान चिडीचूप. आल्माने बी तोंडात धरून ठेवली, चावली नाही. ब्रिटने बंदूक खांद्याला लावली. श्वास घेतला. खांदे चढू लागले. मार्नीला ते दिसत होतं. अगं म्हण. म्हण ना, बाळा. ब्रिटने परत श्वास घेतला.

मार्नीने पोरीकडे बघवेना म्हणून मान पलीकडे वळवली. तिथे ऑर्व्हिल होता. बंदूक स्टँडवर ठेवून, चर्चमध्ये उभं राहावं तसा ताठ, टोपी काढून छातीशी धरलेली, डोळे मिटलेले. आणि दिवसभर टोपीखाली दबलेले त्याचे पाच-सहा पांढरे केस एकजुटीने उभे राहून वाऱ्यावर हलके हलके हात हलवत होते.

मार्नी फुटली. नाकातून नाही, पोटातून. मोठ्ठ्याने.

चकती उडाली.

बंदूक वाजली, आणि आभाळात नारिंगी धुळीचा एक गोळा तेवढा राहिला. तुकडासुद्धा नाही. धूळ.

मार्नीने दोन्ही हातांनी तोंड दाबलं होतं. संपलं, तिला वाटलं. एप्रिलपर्यंत ही माझ्याशी बोलायची नाही.

"ही नाही मोजायची," ब्रिट म्हणाली. "मी 'सोड' म्हटलंच नव्हतं. आई हसली."

"न म्हणता उडाली तर सोडून द्यायची, दुसरी मिळते," आल्मा खुर्चीवरून म्हणाली. "सोडलीस का तू?"

"नाही."

"बार काढलास?"

"हो, पण..."

"बार काढला की मोजायची. नियम माझ्या घरचा नाही, पोरी, क्लबचा आहे. आईच्या हसण्यावर उडो नाहीतर गाईच्या हंबरण्यावर." तिने पेन्सिल ओली केली. "पण तुला नको असेल तर तसं सांग. मी दुसरी देते. मात्र विचार करून सांग, उद्यापासून कुलूप आहे."

"तिला परत श्वाश घ्यायला नका लावू," ऑर्व्हिल टोपी घालत म्हणाला. "एप्रिल उजाडेल."

ब्रिट आईकडे वळली. "ही मीच फोडली का? खरं सांग."

मार्नीला शंभर गोष्टी म्हणायच्या होत्या, पण तोंडावरचे हात काढायची भीती वाटत होती. शेवटी तिने काढले.

"हसले मी," ती म्हणाली. "फोडलीस तू."

ब्रिटने आभाळातल्या विरत्या धुळीकडे बघितलं. मग तिने बंदूक उघडली. काडतुसाचं रिकामं नळकांडं उडून गवतात पडलं. "लिही," ती आल्माला म्हणाली, आणि एवढं म्हणेपर्यंत तिचा चेहरा मोडला. हसू आलं ते तिचं नव्हतंच, मार्नीचं होतं, जसंच्या तसं: पोटातून, गुडघ्यांत वाकवणारं. तिच्या पुढ्यातून चकती उडाली. ते बघून मार्नीलाही हसू फुटलं, दुसरी उडाली. ऑर्व्हिल ओरडला, "पंचवीश!" तिसरी.

"गप्प बसा सगळे!" आल्मा किंचाळली. चौथी. "अरे, यंत्र बंद करा कुणीतरी!" पाचवी, सहावी. बंद करायचं बटण खोपट्यात होतं, आणि तिथवर चालत जाण्याच्या अवस्थेत कुणीच नव्हतं. खुद्द आल्माच्या घशात बी अडकली होती आणि तिच्या खोकण्यावर आणखी दोन गेल्या. नारिंगी चकत्या एकापाठोपाठ एक कापलेल्या मक्यावरून निवांत तरंगत जात होत्या, आणि कुणीही त्यांच्यावर बंदूक उचलत नव्हतं.

दातांना तारा बसल्यापासून, म्हणजे गेली दोन वर्षं, ब्रिट हसताना तोंडावर हात धरायची. आत्ता तिचे दोन्ही हात उघड्या बंदुकीत अडकले होते. उन्हात तारा लखलखत होत्या, आणि मार्नी त्यांच्याकडे डोळे भरून बघत हसत होती.

"आई, पुरे!" ब्रिट कशीबशी म्हणाली.

त्यावरही एक उडाली.