रिसेप्शनची जागा

हालिनाने कोट न काढताच खुर्ची पुढे ओढली आणि कुणी काही विचारायच्या आधीच पोटावर हात ठेवला.

"ऑपरेशन झालंय. आता मूल होणार नाही."

सुप्रभाच्या हातातलं पेन थांबलं. लंडनच्या ईलिंग भागातल्या तिच्या डेंटल क्लिनिकला रिसेप्शनिस्ट हवी होती. शनिवार, म्हणून इंटरव्ह्यू घरीच, किचन टेबलाशी. कॉफी ओतता ओतता तिची लेक आश्लेषा आईकडे बघतच राहिली.

"नाही नाही," सुप्रभा घाईने म्हणाली, "इथे हे विचारत नाहीत. कायदाच आहे तसा."

"आमच्याकडे पहिलं हेच."

ती काम करायची ती पोलंडमधली सरकारी सूतगिरणी विकली, तेव्हा आधी बायकांना काढलं. नव्या मालकाने परत घेतले ते पुरुषच. हालिनाने हे बसचा रूट सांगावा तशा आवाजात सांगितलं.

"मी सुपरवायझर होते. नंतर जिथे जाईन तिथे एकच प्रश्न, मूल कधी? परत होणार का? मग मीच आधी सांगायला लागले."

तिने कॉफी संपवली, थँक यू म्हटलं आणि ती गेली.

"आई, तू कसली भारी आहेस!" आश्लेषाने टेबलावर थाप मारली. "डायरेक्ट कायदा!"

"पुरे गं. कप उचल."

"आणि वरदाताईला कधी सांगायचं? सकाळचा तिचा इंटरव्ह्यू मस्तच झाला. मी तर तिला म्हटलंय, झालंच म्हणून समज."

"तुला कुणी सांगितला होता हा आगाऊपणा?" सुप्रभाने फडका घेतला. "हालिनाला घेऊ या."

"का? वरदाताईचं इंग्लिश केवढं चांगलंय! कॉम्प्युटर येतो. मंडळातली आहे आपल्या."

"आहे ना. गोड मुलगी आहे. पण मार्चमध्ये लग्न झालंय तिचं."

आश्लेषाने उचललेला कप परत टेबलावर ठेवला.

"मी विचारलं का तिला काही?" सुप्रभा पुसलेलं टेबल पुन्हा पुसत होती. "एक शब्द नाही. लाव फोन. म्हणावं, जागा भरली. तुझं जमतं तिच्याशी."

वरदाने पहिल्याच रिंगला उचलला.

"बोल गं! सोमवारपासून ना?"

आश्लेषाने आईकडे पाहिलं. आई सिंकशी फडका पिळत होती.

"हॅलो? आशू, येतंय ना ऐकू?"

"हो," ती म्हणाली. "येतंय. जागा भरली."