मगरीच्या पोटातला हात

मी एक जुनी कापडी मगर आहे, आणि माझा जन्म एका खुळ्या पैजेतून झाला. मित्रांनो, मी हातात घालायची मगर. पोटात कोणीतरी हात घालतं, बोटं हलवतं, आणि माझं तोंड उघडझाप करतं. तुमच्या पोटात रोज कोणी हात घातला असता तर तुम्हीही माझ्याएवढेच थकला असता. माझे दात गेलेत. शेपटी तीनदा शिवून झाली. पण हात कसा आहे ते पोटाला अजून बरोबर कळतं. शिक्षण म्हणाल तर माझं तेवढंच.

एका इमारतीच्या तळमजल्यावर शिंपीकाकांचं दुकान होतं, आणि शेजारी इस्त्रीवाल्या मावशींचं टेबल. वरच्या मजल्यावर एक चार वर्षांची मुलगी राहायची. ती कोणाशी बोलायची नाही, कोणाकडे बघायचीही नाही. रोज संध्याकाळी काकांच्या दुकानात यायची आणि उंबऱ्यावर बटणांची लांबलचक रांग लावायची. म्हणून सगळे तिला 'बटण' म्हणायचे. घराबाहेर ती शांत बसायची अशी ती एकच जागा.

एक दिवस तिची आई म्हणाली, "डॉक्टरांनी खेळातून शिकवणारी थेरपिस्ट बघायला सांगितलंय. पण चांगली कोण, हे ओळखायचं कसं?"

काकांना हसू आवरेना. "खेळायला शिकलेली बाई? उद्या झोपायलाही मास्तर ठेवाल!"

"काका, कात्री धरायला तुम्ही किती वर्षं शिकलात?" मावशींनी विचारलं.

"सहा. पण कात्रीचं काम वेगळं. खेळात कसलं आलंय शिक्षण? मी एक मगर शिवतो. महिन्याभरात पोरगी 'काका' म्हणाली नाही तर नाव बदलीन."

"नाव राहू दे. हरलात तर एका रविवारी दिवसभर दुकानाच्या पायरीवर बसायचं, मगर हातात घालून. स्वतःच्या तोंडाने एक शब्द काढायचा नाही. जे काय बोलायचं ते मगर बोलेल."

"आणि तुम्ही हरलात तर?"

"तर तुमच्या बनियनना जन्मभर इस्त्री करीन."

काकांनी त्याच दुपारी हिरव्या अस्तरातून मला बेतलं. डोळ्यांना जोडीची बटणं सापडली नाहीत, म्हणून एक काळं लावलं, एक तपकिरी. बघणारे म्हणाले, "अगदी जिवंत वाटते हो!" मी फुगले. माझा कौतुकाचा काळ साधारण दोन तास टिकला.

संध्याकाळी बटण रांग लावायला बसली आणि काकांनी मला थेट तिच्या नाकासमोर नेलं. "मगर आली! 'काका' म्हण, नाहीतर सगळी बटणं खाईन!" मनाने माणूस साखर, पण हात भलताच उतावीळ. तिने कान झाकले. रोज तेच. सातव्या दिवशी तिने किंचाळून रांग उधळली, आणि आठव्या दिवसापासून दुकानात यायचंच बंद केलं.

काका हादरले, पण हरलो म्हणायला तयार नाहीत. "थांबा, मीच शोधतो झकास माणूस!" आणि शोधलाच त्यांनी. भिंतीवर फुगे, दारावर हा एवढा बोर्ड, आणि आत गोडगोड बोलणारे एक साहेब. "तीन महिन्यांत पोपटासारखी बोलेल, गॅरंटी!" काका खूश. आईला बाहेर बसवून साहेबांनी दार लावून घेतलं.

काकांनी मला सोबत धाडलं होतं, आत मी होते, म्हणून सांगते. साहेबांचा हात माझ्या पोटात आणि डोळे घड्याळात. एका हाताने मला नाचवायचे, दुसऱ्याने बटणची हनुवटी धरून वर करायचे. "इकडे बघ. इकडे बघ." मी मगर असून मला चावता येत नाही, याचं दुःख मला तिथे पहिल्यांदा झालं.

दोन खेपांनंतर बटण साधं खेळणं दिसलं तरी आईच्या कुशीत तोंड लपवायला लागली. आई दुकानाच्या पायरीवर मटकन बसली. "मावशी, मी तिचं आणखी वाईट केलं का हो?"

मावशींनी इस्त्री उभी ठेवली. "काका, दुसऱ्या कोणी शिवलेला शर्ट हातात आला की आधी काय करता?"

"उलटा करतो. आतली शिवण बघतो."

"आणि माणूस मात्र सुलटा बघून आलात. बोर्ड बघितलात, फुगे बघितलेत."

काकांची मान खाली गेली. मग त्यांनीच मापं लिहायची वही काढली आणि आई सांगेल तसं लिहून घेतलं. कुठे शिकलात? लहान मुलांच्या वाढीचंच शिकलात का? नोंदणीचा कागद दाखवाल? तुमचं काम कोण तपासतं? मी आत बसू ना? जमत नसेल तर तसं सांगाल ना? पान भरत गेलं तसा आईचा आवाज सावरला.

दोन ठिकाणच्या लोकांनी प्रश्न ऐकूनच फोन ठेवले. तिसऱ्या ठिकाणी ताई भेटल्या. साधी खोली, टोपलीत चारच खेळणी. त्यांनी सगळी उत्तरं दिली, कागद समोर ठेवले आणि म्हणाल्या, "बोलेलच, असं वचन मी देत नाही. कोणी देत असेल तर सांभाळून राहा. पण ती काय सांगतेय ते आपण शिकू. तुम्ही आतच बसा."

मग त्यांनी मला हातात घातलं आणि काहीच केलं नाही! बटण रांग लावत होती. बऱ्याच वेळाने ताईंनी माझ्या तोंडाने रांगेपासून वीतभर लांब एक बटण ठेवलं आणि थांबल्या. मित्रांनो, मला गप्प बसू देणारा तो पहिला हात. पोरीने बटण फेकून दिलं. "नकोय. बरं," ताई म्हणाल्या. पुढच्या खेपेला परत ठेवलं. चौथ्या खेपेला तिने ते फेकलं नाही. सातव्या खेपेला हळूच सरकवून रांगेत घेतलं. आईने तोंडावर हात दाबला. तिला सोडायला आलेले काका दारातच उभे राहिले, पुतळ्यासारखे.

पुढे मी ताईंच्या टोपलीतच राहिले. कितीतरी मुलं आली, मोठी झाली. मध्ये वर्षभर कपाटामागे पडले होते, कोणाला आठवण नाही. तक्रार नाही, पण आता शिवण उसवत चाललीये, म्हणून एक मागणं मागून ठेवते. खेळणं कसंही चालेल, हो. मूल कोणाच्या हाती देताय, तो हात आधी उलटा करून बघा. विचारायला लाजू नका.

आणि ती पैज? महिना कधीच उलटून गेला होता. काका विसरल्याचं सोंग करत होते, पण त्या सातव्या खेपेहून परतले त्याच आठवड्यात रविवारी स्वतःहून मला ताईंकडून मागून आणून पायरीवर बसले. अख्खी इमारत गोळा झाली.

"मगरबाई, माझी पँट झाली का?"

"झाली, पण तुमचं पोट थांबेना!" मी किनऱ्या आवाजात म्हणाले. लोक हसून लोटपोट झाले.

तेवढ्यात जिन्यावरून बटण उतरली, आईचं बोट धरून. कित्येक दिवसांनी. काकांची बोटं माझ्या पोटात शिवशिवली, मला कळलं. मग थांबली. त्यांनी मला गुडघ्यावर ठेवलं, तोंड उघडं, आणि वाट बघत बसले.

तिने उंबऱ्यावर रांग लावली. एक बटण उरलं. माझ्या काळ्या डोळ्याकडे बघितलं, तपकिरी डोळ्याकडे बघितलं, आणि ते बटण माझ्या तोंडात ठेवलं.

काकांनी माझं तोंड अलगद मिटलं.

"अहो काका, मगरीने बोलायचं ठरलंय!" मावशी ओरडल्या, डोळे पुसत. गिऱ्हाइकं आली, हाका मारून गेली. पण काकांनी संध्याकाळपर्यंत माझं तोंड उघडलं नाही, ते बटण पडू दिलं नाही.