पस्तीस मिनिटांची वाट

भिंग हे काही त्याचं खरं नाव नव्हतं. चष्म्याच्या काचा घासायच्या कारखान्यात तो बावीस वर्षं कामाला होता आणि त्याला स्वतःला वर्तमानपत्र हात लांब धरल्याशिवाय वाचता येत नव्हतं. सोबतच्या कारागिरांनी हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. लग्न केलं नाही. कारखान्यामागच्या एका खोलीत तो राहायचा आणि रविवारी जेवायला थोरल्या बहिणीकडे, ताईकडे जायचा.

डोंगराचं वेड त्याला भाऊजींनी लावलं. ताईचे यजमान तारेची जाळी विणणाऱ्या कारखान्यात फोरमन होते. मेहुणा एकोणीस वर्षांचा, अंगात रग आणि हाताला काम नाही, हे पाहून त्यांनी एका सुट्टीच्या दिवशी त्याला पहाटे उठवून सोबत नेलं. धाप लागली तर थांबावं, त्यात लाज नाही, आणि सगळ्यांत हळू चालणाऱ्याच्या चालीनं सगळ्यांनी चालावं, हे त्यांचे दोन नियम. पुढे पंचवीस वर्षं ते दोघं ठरावीक तीन वाटा दरवर्षी नव्यानं चालत राहिले. नवीन डोंगर शोधावा असं त्यांना कधी वाटलंच नाही. ताई म्हणायची, तुम्हाला दोघांना माहेरवाशिणीसारखी ओढ आहे त्या दगडांची.

त्यातल्या सर्वांत लाडक्या वाटेवर, कड्याच्या पोटातून जाणाऱ्या आडव्या टप्प्यावर, भाऊजी पडले आणि गेले. त्याला आता चौदा महिने झाले होते.

त्या दिवशी काय झालं ते भिंगानं सगळ्यांना एकदाच सांगितलं होतं. एकच्या सुमारास भाऊजींचा पाय घसरला. तो खाली उतरला, त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, मग मदतीसाठी वनरक्षकाच्या चौकीकडे धावला. वाट अवघड, पोचायला अडीच तास लागले. माणसं आली तेव्हा सगळं संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, आतल्या आत रक्तस्राव झाला. दोन-तीन तास तरी जीव होता. ताईनं तेव्हा सगळ्या नातेवाइकांसमोर भावाच्या डोक्यावरून हात फिरवला होता. ‘निदान तू होतास रे त्यांच्याजवळ,’ म्हणाली. भिंगानं मान खाली घातली ती नंतर तिच्यासमोर नीट वर केलीच नाही. बूट त्यानं माळ्यावर टाकून दिले.

आणि आता ताईला ती जागा बघायची होती.

आधी त्यानं गुडघ्याचं निमित्त सांगितलं, मग सुट्टी मिळत नसल्याचं. तिला दम लागेल, वजन वाढलंय, असंही म्हणून पाहिलं. ताई बस डेपोत वेळापत्रकं लावायची. कुठली गाडी किती वाजता सुटते आणि कुठे किती वेळ खाते हे ठरवण्यात तिची हयात गेली होती. टाळाटाळ तिला लांबून ओळखू यायची. ती शांतपणे म्हणाली, तुला जमत नसेल तर राहू दे, डेपोतले दोघंतिघं जातात डोंगरात, त्यांच्याबरोबर जाईन. त्यावर भिंगानं माळ्यावरचे बूट खाली काढले. परक्याबरोबर ती वाट चालली तर काय होईल हे त्याला कळत होतं. आपण बरोबर असलो तर काय करू, हे मात्र कळत नव्हतं.

पायथ्याला ते सकाळी आठला उतरले. पहिला चढ ताई कष्टानं चढली. दर शंभर पावलांवर थांबायची, कमरेवर हात ठेवून श्वास घ्यायची आणि काही न बोलता पुन्हा चालू लागायची. भिंग पुढे होता. दुसऱ्या वळणानंतर आपले पाय आपोआप बरोबर दगडावर पडताहेत हे त्याच्या लक्षात आलं. झऱ्याच्या अलीकडे वाट डावीकडे फुटते, पुढे मुळांच्या पायऱ्या लागतात, तिथून एकदम वारा येतो, सगळं जिथल्या तिथे होतं. वारा आला तसं त्याला बरं वाटलं. क्षणभर अगदी पूर्वीसारखं. आणि लगेच स्वतःची इतकी किळस आली की तो पाणी प्यायच्या निमित्तानं पाठ फिरवून उभा राहिला.

पठारावर ताई म्हणाली की त्यांचा शेवटचा फोन इथूनच आला होता, बाराला; पुढे फोनला रेंज नव्हती. जेवून घे म्हणाले होते, अर्ध्या तासात आडव्या टप्प्यावर असू म्हणाले होते. ती घड्याळात बघून चालू लागली.

टप्पा फार अरुंद नव्हता. दोन माणसं शेजारी शेजारी चालतील एवढा. एका बाजूला काळा कातळ, दुसऱ्या बाजूला उतार, त्यावर झुडपं, आणि वीसेक फूट खाली मोठमोठे धोंडे. भिंगानं बोट दाखवलं. ताई कातळाला टेकून बसली आणि बराच वेळ त्या धोंड्यांकडे पाहत राहिली. रडली नाही. एवढंसंच आहे की, म्हणाली.

मग ती उठली. ‘आता चौकीवर ने. त्या दिवशी गेलास त्याच वाटेनं.’

टप्प्याच्या टोकाशी दोन वाटा फुटत होत्या, एक खिंडीतून थेट खाली चौकीकडे आणि दुसरी पठाराला वळसा घालून फेऱ्यानं तिथेच. ती दाखवली असती तर सहज दोन-अडीच तास गेले असते आणि ताईला काही कळलं नसतं. भिंग दोन वाटांच्या मध्ये उभा राहिला. चौदा महिने रोज रात्री तो ज्या गोष्टीला भीत होता ती समोर आली होती, आणि आता भीतीपेक्षा थकवा जास्त वाटत होता. तो खिंडीतल्या उताराकडे वळला.

उतार सरळ होता, मळलेला. ताई एकदाही खाली बसली नाही. झाडीतून बाहेर पडताच चौकीचं पत्र्याचं छप्पर दिसलं. वनरक्षक अंगणात दोरी गुंडाळत होता. त्यानं भिंगाला ओळखलं, ताई कोण ते समजल्यावर हात जोडले, बाक पुसून दिला. आपणहून सांगू लागला की त्या दिवशी हे साडेतीनला पोचले, आम्ही स्ट्रेचर घेऊन लगेच निघालो, पण उशीर झाला होता. ताईनं त्याचे आभार मानले, पाणी मागितलं. तो आत गेला तशी ती भावाकडे वळली.

‘माझ्या चालीनं पस्तीस मिनिटं लागली,’ ती म्हणाली.

भिंग अंगणातल्या दोरीच्या गुंडाळीकडे बघत राहिला.

‘एकला पडले. साडेतीनला तू इथे. मधे कुठे होतास, बाळ?’

घरात तेवढी तीच त्याला बाळ म्हणायची. त्यानं सांगून टाकलं. भाऊजी त्या दिवशी सकाळपासून दमले होते. टप्प्यावर आल्यावर म्हणाले, आज माथा राहू दे, परत फिरू. तो चिडला. वर्षातून एकदा यायचं आणि तेही अर्धवट? घरी बसून जपमाळ ओढा मग, असं काहीतरी बोलला आणि त्यांना मागे टाकून तरातरा निघून गेला. वळणापलीकडे गेल्यावर हाक ऐकू आली. एकदा, मग पुन्हा. त्याला वाटलं, थांब म्हणताहेत. त्यानं मुद्दाम ऐकलं नाही. माथ्यावर जाऊन डबा खाल्ला. राग गेला नव्हता म्हणून तिथेच आडवा झाला, आणि झोप लागली.

‘परत आलो तेव्हा अडीच वाजून गेले होते. शुद्धीवर होते. म्हणाले, किती हाका मारल्या रे.’

ताईनं डोळे मिटून घेतले. तसंच तिनं विचारलं, आणखी काय म्हणाले. पाणी मागितलं, तो म्हणाला. दिलंस का? दिलं. रागावले होते का? नाही, भिंग म्हणाला, आणि हे खरं होतं.

वनरक्षक पाणी घेऊन आला. ताई सगळं पाणी प्यायली, तांब्या बाकावर ठेवला आणि उठली. उतरताना ती पुढे होती. खाली बसथांब्यावर तिनं एकच गोष्ट सांगितली. हे तिच्या लेकीला ती सांगणार नाही. ज्यानं केलं त्यानंच येऊन सांगायचं.

पुढच्या रविवारी भिंग ताईकडे गेला. भाची तेवीस वर्षांची, दातांच्या दवाखान्यात मदतनीस. वडील गेल्यापासून ती मामाला जास्तच धरून होती; येताना काय आणलंस, इतका बारीक का झालास, स्वतःकडे बघ जरा, असं दटावायची. तिनं सगळं ऐकून घेतलं. ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. भिंगानं काही लपवलं नाही, झोप लागल्याचंही नाही. माफी मागायचं त्यानं ठरवलं होतं, पण सगळं सांगून झाल्यावर तो शब्द इतका लहान वाटला की तोंडातून निघेना.

भाची उठली. टेबलावर तिघांची ताटं मांडलेली होती. त्यातलं एक तिनं उचललं, आत नेऊन ठेवलं आणि परत आली.

‘मामा, तुम्ही निघा आता,’ ती म्हणाली.

बोलायला लागल्यापासून ती त्याला अरे-तुरे करत आली होती. भिंगाला ते ‘तुम्ही’ कळायला एक क्षण लागला. मग त्यानं चपला पायात सरकवल्या. ताई त्याच्यामागे दारापर्यंत आली, कडी काढून दिली आणि तो तीन पायऱ्या उतरायच्या आत दार लावून घेतलं.