खंडेनवमीचा एक तास

चारुलताला माझ्याकडून फक्त एक तास हवा होता. तो मिळाला की तिचे उड्डाणाचे दोनशे तास भरणार होते आणि नव्याने निघालेल्या एका खाजगी विमान कंपनीत मुलाखतीला बसता येणार होतं. साल १९९४. मुलाखत दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी.

मित्रांनो, मी एक जुनं, दोन आसनांचं शिकाऊ विमान आहे. हैदराबादच्या एका लहान क्लबात मी तेवीस वर्षं शिकवलं. धडपडत उतरणाऱ्यांनी खापर माझ्यावर फोडलं; नीट उतरणाऱ्यांनी स्वतःची पाठ थोपटली.

त्या दिवशी खंडेनवमी. मेकॅनिक एकनाथरावांनी हँगरच्या दारात लाल कापडावर पाने, पकडी आणि लोखंडी पेटी मांडून हळदकुंकू वाहिलं होतं. पूजेतली हत्यारं दसरा उलटल्यावरच उचलायची, हा त्यांचा नेम.

चारुलता तारनाक्याहून आली, आत बसली, पायाने ब्रेक दाबून पाहिला. "काका, डावा मऊ लागतोय."

एकनाथरावांनी चाकापाशी बोट फिरवलं. बोटाला तेल लागलं. "नळी झिरपते, बेटा. परवा बदलतो. आज पान्याला हात लावत नाही."

"परवा माझी मुलाखत आहे."

शिक्षक अप्पारावांना आठ दिवसांपासून शिष्येशेजारी आपला फोटो पेपरात छापलेला स्वप्नात दिसत होता. "हवेत ब्रेक कैकू लागतो?" ते म्हणाले. "चल, निघू."

हवेत खरंच लागला नाही. तास पुरा झाला. चारुलता सुरेख उतरली, हँगरच्या दारासमोरून डावीकडे वळायला तिने डावा ब्रेक दाबला, आणि नळी फुटली. उजवा दाबला असता तर मी उजवीकडच्या पेट्रोलच्या पिंपांवर गेलो असतो. तिने इंजिन बंद केलं, पण वेग उरला होता. एकनाथराव प्रसादाचं ताट घेऊन बाजूला झाले. हत्यारं माझ्यापर्यंत आली नव्हती. मीच त्यांच्यापर्यंत गेलो. माझ्या नाकावरचा पंखा पेटीवर आदळून वाकला.

"लागलं का गं?"

"मला नाही, काका."

चौकशीत 'यांत्रिक बिघाड' असं लिहिलं. म्हणजे दोष माझा. चारुलताची तासांची वही पुरावा म्हणून फायलीत गेली, ती चौदा महिन्यांनी सुटली. तोवर कंपनीतल्या जागा भरल्या होत्या.

मित्रांनो, यंत्राला हार जरूर घाला, आम्हाला आवडतो. पण आधी त्याची तक्रार मिटवा. एकनाथरावांचा नेम राहिला. अप्पारावांचा फोटो आला, वाकलेल्या पंख्यासकट. बिघाड सांगितला होता आम्ही दोघांनी, आणि भरपाईही आम्हीच केली. माझा पंखा गेला, तिची जागा.