आखाला जोडलेलं इंजिन

आमच्या सासऱ्यांचे, ईरण्णांचे, बैलांच्या बाबतीत दोन नेम होते. सोमवार बसवण्णाचा, म्हणजे नंदीचा, त्या दिवशी बैल जुंपायचे नाहीत. आणि एरवीही बसवण्णाच्या मानेवर भार येऊ द्यायचा नाही, गाडीतलं ओझं मागं सारायचं. घरची सूनही मागंच बसायची, पण ती बैलांच्या दयेपोटी नव्हे, मर्यादेपायी.

त्या उन्हाळ्यात अणदूरची आमची विहीर पार तळाला गेली. मोट अर्धी रिकामी वर यायची आणि पानमळ्यातले वेल रोज पिवळे पडत होते. ते वेल मी लेकरांसारखे जपले होते. नळदुर्गला माझ्या थोरल्या भावाकडं, धोंडप्पाकडं, दोन चाकांच्या गाड्यावर बसवलेलं पाणी उपसायचं इंजिन होतं. सासऱ्यांपुढं मी तोंड उघडत नसे. पण वेलांकडं बघून राहवलं नाही आणि माझा भाऊ इंजिन देईल, असं बोलून बसले. मग आणायलाही मलाच जावं लागलं.

भावानं दिलं, पण मंगळवारी परत पाहिजे म्हणाला, कारण पुढच्या माणसाला त्यानं शब्द दिला होता. म्हणजे पाणी उपसायला हाती एक सोमवारच होता.

रविवारी दुपारी सासरे, त्यांचा लेक आणि मी नळदुर्गहून परत निघालो. महायुद्धापायी निजामाच्या सडकेवर लॉरी दिसेनाशी झाली होती, तेव्हा आपल्या बैलगाडीलाच इंजिन जोडायचं होतं. आमच्या ह्यांनी, नाव घ्यायचंच तर महांतप्पांनी, इंजिनाची लोखंडी दांडी गाडीच्या अगदी शेपटाला दोरानं आवळली.

"भावजी, दांडी लई जड हाय," भाऊ म्हणाला.

"मागंच हाय न्हवं? बैलाच्या मानंला काय व्हतंय?" हे म्हणाले. बापाची शिकवण लेकानं अशी गिरवली.

सपाटीला ठीक चाललं. गाव मागं पडलं, चढ लागला आणि जू मानेवरून वर उचललं गेलं. गळ्याखालचे पट्टे आवळले गेले. पांढऱ्या बैलाचे डोळे बाहेर आले, जीभ लोंबली. सासरे ओरडत खाली उतरले आणि जुवाला लोंबकळले. त्यांच्या वजनानं जू जरा खाली आलं, पण लोंबकळत कुणी अणदूरपर्यंत जाईल का?

"सोड ते इंजन," ते लेकाला म्हणाले. "बैल मारून पाणी नगं मला. ऱ्हाऊ दे हितंच. मंगळवारी बघू."

मंगळवारी काय बघणार, माझं कपाळ? मला रडू यायला लागलं आणि रागही आला. मी रागारागात मागून खाली उतरले, तोच बैलानं मोठा श्वास घेतला. मी परत चढले. बैल घुसमटला. पुन्हा उतरले.

"काय चाललंय तुजं? झोका हाय का ह्यो?" हे खेकसले.

मी सासऱ्यांकडं पाठ करून, पण त्यांना ऐकू जाईल असं बोलले. "मामा, भार मानंवरनं काढला, पर त्यो गळ्याला गेला. मागं दाबलं की पुढचं उचलतंय. इंजन आखाला जोडा. आख चाकांवर हाय, बैलावर न्हाय."

सासऱ्यांनी खाली वाकून गाडीचा आख, दोन्ही चाकांमधला तो आडवा दांडा, कितीतरी वेळ बघितला. मग माझ्याकडं न बघता लेकाला म्हणाले, "कुऱ्हाड काढ."

बाभळीचा एक जाड सोट तोडला. तो गाडीखालून सारून एक टोक आखाच्या मधोमध बांधलं आणि दुसऱ्या टोकाला इंजिनाची दांडी जखडली. वळताना सोट फिरावा म्हणून आखावरची गाठ थोडी सैल ठेवली. गाडी चढाला लागली. मी चालत होते, बैलांच्या गळ्याकडं टक लावून. पट्टे ढिले राहिले. जू मानेवर जसं रोज असतं तसंच होतं. मला इतकं हायसं वाटलं की मी रस्त्यातच हसत सुटले आणि हे काळजीनं मागं वळून बघायला लागले.

दिवेलागणीच्या आत आम्ही घरी होतो.

सोमवारी बैल सावलीत रवंथ करत बसले आणि इंजिन दिवसभर धडधडत राहिलं. शेवटच्या वाफ्यातल्या वेलाच्या बुडाशी पाणी पोचलं तेव्हा मी तिथं चिखलात उभी होते. सासऱ्यांनी पांढऱ्या बैलाच्या गळ्यावरच्या वळाला हळद लावली, कपाळावर विभूती ओढली. मग थोडी विभूती गाडीखाली जाऊन आखालाही लावून आले.

मंगळवारी इंजिन परत करायला निघालो. सवयीनं मी मागं जाऊन बसले.

"शिवकांता," सासरे म्हणाले. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी मला नावानं कधी हाक मारली नव्हती. "तितं नगं बसू. बैलाला तरास व्हतोय. पुढं सरक, आखावर बस."

मी पदर सावरला आणि पुढं सरकून बसले.